नव्व्याण्णव नंबरची खाट

त्या मंगळवारी दुपारी बारा वाजता सेकंदबाईच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. पहिली गोष्ट, नोकरी कायम. गेली चार वर्षं ती दर अकरा महिन्यांनी नव्या करारावर सही करत होती, आणि समोरचा कारकून दर वेळी असा चेहरा करायचा की जणू स्वतःच्या आयुष्यातले अकरा महिने काढून हिला देतोय. दुसरी, बसायची जागा. हॉस्पिटलच्या संगणक विभागात तिचं टेबल दोन प्रिंटरांच्या मध्ये होतं. कायम झालेल्यांना खिडकी मिळायची. तिसरी गोष्ट कुठल्याच कागदावर नव्हती, पण वजन तिचंच जास्त. नणंदेचं तोंड बंद होणार होतं.

नणंद म्हणजे त्याच हॉस्पिटलातल्या तीन नंबर वॉर्डच्या मोठ्या सिस्टर. हाडांचा वॉर्ड, बत्तीस खाटा. नोकरीची चौतीस वर्षं झालेली, आठ महिने उरलेले, आणि सर्व्हिस बुकावर शाईचा एक वाकडा ठिपका नाही. लग्न केलं नाही. धाकट्या भावाला शिकवला, शाळेत मास्तर केला आणि त्याचं लग्न लावून दिलं ते सेकंदबाईशी. घर एकच. खाली नणंद, वर भाऊ-भावजय, मध्ये जिना, आणि त्या जिन्यावर रोज सकाळी ठरलेला प्रश्न.

"काय गं, तुझं चाक फिरतंय का अजून?"

चाक म्हणजे पडद्यावरचं. नर्सने रुग्णाचं औषधांचं पान उघडलं की पडद्याच्या मधोमध एक चाक फिरायला लागायचं आणि अडतीस सेकंद फिरायचं. अडतीस सेकंद ऐकायला काहीच नाहीत. पण बत्तीस खाटा गुणिले अडतीस करा; औषधाच्या एका फेरीत वीस मिनिटं नुसतं चाक बघण्यात जायची, आणि फेऱ्या दिवसाला तीन. सॉफ्टवेअर मूळ कुणी केलं होतं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण शिव्या खायला घरातलं माणूस हाताशी होतं.

म्हणून सेकंदबाईने कंबर कसली. हातात घड्याळ घेऊन चार दिवस तीन नंबर वॉर्डात बसली आणि प्रत्येक पान उघडायला किती वेळ लागतो ते लिहून काढलं. हे टोपणनाव नर्सेसनी तेव्हाच ठेवलं.

उशिराचं कारण साधं निघालं. कुणी पान उघडलं की वॉर्डातला संगणक तळघरातल्या मोठ्या यंत्राकडे जायचा, तिथून औषधं आणायचा, मग मात्रा, मग तपासण्या, मग कधी काय दिलं त्याच्या नोंदी. आणि दोन मिनिटांनी दुसऱ्या नर्सने तेच पान उघडलं की पुन्हा पहिल्यापासून सगळी वारेमाप धावपळ. सेकंदबाईचा उपाय असा, की एकदा आणलेल्या माहितीची प्रत वॉर्डाजवळच्याच एका छोट्या यंत्रात ठेवायची आणि पुढच्या माणसाला तीच दाखवायची. मूळ माहितीत काही बदललं की ती प्रत फेकायची, नवी आणायची. संगणकवाले याला कॅश म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मोठ्या सिस्टरांना वाटलं होतं की थकलेल्या ओव्हरटाइमचं काहीतरी होतंय.

सगळी मेख त्या फेकण्यात असते. प्रत काय, कुणीही ठेवील; ती शिळी झाली हे वेळेवर ओळखण्यातच या धंद्यातली सगळी अक्कल. नर्सेस पडद्यावर खाटेच्या चित्रावर बोट ठेवून पान उघडायच्या, म्हणून सेकंदबाईने प्रती खाटेप्रमाणे ठेवल्या. कोणत्या खाटांवर लक्ष ठेवायचं, त्याची यादी इमारतीच्या नकाशावरून घेतली, एक ते बत्तीस. त्यातल्या खाटेवरचा रुग्ण बदलला, औषध बदललं, की प्रत बाद. रुग्णाचं नाव तेवढं तिने प्रतीत घेतलं नाही. ते तसंही चटकन यायचं, दर वेळी ताजं.

"वन्सं, खाटा कधी बदलता?" तिने विचारून घेतलं होतं.

"गरज पडली की."

"आणि नोंद?"

"लगेच. पुस्तकात लिहिलंय तशी."

आणि चार दिवस अगदी पुस्तकात लिहिल्यासारखंच झालं. सेकंदबाईला नणंदेचं मनापासून कौतुक वाटलं. तिथेच तिने जरा संशय घ्यायला हवा होता.

यंत्र सुरू झालं आणि पान दीड सेकंदात उघडायला लागलं. विभागाचे साहेब प्रत्येक गोष्ट टक्क्यांत बोलत, म्हणून त्यांना सगळे टक्केसाहेब म्हणत. ते तिच्या टेबलापर्यंत चालत आले, दोन प्रिंटरांच्या मध्ये अंग चोरून उभे राहिले आणि म्हणाले, "शहाण्णव टक्के! बाई, शहाण्णव! मंगळवारी समिती बघायला येतेय. त्यांनी मान हलवली की बारा वाजता तुमच्या कागदावर माझी सही."

आता दुसरं एक खातं उघडू, कारण मंगळवारी हिशोब दोघांचा होता.

शनिवारी संध्याकाळी तीन नंबर वॉर्डात एक बसड्रायव्हर भरती झाला. घरी बल्ब बदलताना स्टुलावरून पडला, नडगी मोडली. वर्षभरापूर्वी त्याला डेपोत एकदा झटका आला होता, हातपाय आखडून खाली कोसळला होता. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ एक पांढरी गोळी, आणि त्यांच्या खात्याचा नियम असा की वर्षभर एकही झटका आला नाही तर डॉक्टरचा दाखला आणा आणि गाडी परत घ्या; मध्ये एक जरी आला तर वर्ष पहिल्यापासून. तोवर त्याला डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं होतं. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवलेला माणूस आता लोकांच्या विसरलेल्या छत्र्या मोजत होता. मंगळवारी सकाळी त्याचे एकोणीस दिवस उरले होते. हे वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं, कारण तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

शनिवारी वॉर्ड भरलेला होता, म्हणून त्याची चाकाची खाट खिडकीखाली, वाटेच्या कडेला लावली होती.

सोमवारी पावणेपाचला सेकंदबाई पर्स खांद्याला लावून उभी होती, तेवढ्यात रोजचा तक्ता आला. कोणत्या खाटेची प्रत किती जुनी, हे त्यात असायचं. पाच मिनिटं, तीन मिनिटं, अकरा मिनिटं. तिने खाली खाली बोट नेलं आणि ते शेवटच्या ओळीवर थांबलं.

तीन नंबर वॉर्ड. खाट ९९. प्रत पाच दिवस जुनी. आज नऊ वेळा दाखवली.

बत्तीस खाटांच्या वॉर्डात नव्व्याण्णव नंबरची खाट. मग माणूस अशा वेळी करतो ते तिने केलं, म्हणजे स्वतःची समजूत काढायला बसली. कुणीतरी पूर्वी चाचणीसाठी बनवलेली खोटी खाट असेल. नर्सेसचं बोट चुकून लागत असेल. बरं, आत्ता साहेबांना सांगायला जावं, तर ते म्हणतील उद्याची समिती पुढे ढकलू. समिती पुढे म्हणजे सही पुढे, आणि तिचा करार तर महिनाअखेरीला संपत होता. उद्या सही झाली की लगेच बघू. दुपारी साडेबाराला. पहिलं काम तेच.

नऊ वेळा चुकून बोट लागतं का, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही असं नाही. विचारला, आणि उत्तराची वाट न बघता पर्सची चेन लावली.

घरी जिन्यापाशी नणंद नुकतीच चपला काढत होती. विचारायला याहून सोयीची जागा नव्हती. एक वाक्य, आणि उत्तर तिथल्या तिथे. सेकंदबाईने तोंड उघडलं, पण नणंदच आधी बोलली.

"आज सगळ्या पोरी वेळेवर घरी गेल्या गं. सहा वर्षांत पहिल्यांदा. चांगलं काम केलंस हो."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. या जिन्यावर असं वाक्य कधी पडलं नव्हतं. ते ऐकून घेतल्यावर खाट नंबर नव्व्याण्णव काढायची म्हणजे स्वतःच्या हाताने ताट पालथं घालणं. सेकंदबाई "चला, वर जाते" म्हणाली आणि गेली.

वर नवऱ्याने पाहिलं. "बरं नाहीये का?"

"उद्याची जरा धाकधूक."

"आता कसली धाकधूक? शहाण्णव टक्के मिळालेत. माझ्या वर्गात एवढे कुणाला पडत नाहीत."

ती हसली. जेवताना दोनदा पाणी प्यायला उठली.

मंगळवारी समिती साडेदहाला येणार होती. सेकंदबाई नऊला येऊन बसली, चहा समोर थंड झाला, त्याच्यावर साय धरली. तक्ता पुन्हा काढला. खाट ९९. सहा दिवस. सकाळपासून तीन वेळा. साडेबारापर्यंत थांबायचं तिने ठरवलं होतं खरं. पण दहा वाजता ती जिना उतरून तीन नंबर वॉर्डात उभी होती.

"वन्सं, नव्व्याण्णव नंबरची खाट कुठेय?"

मोठ्या सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणी सांगितलं तुला?"

"यंत्राने."

"चुगलखोर आहे की गं तुझं यंत्र."

"वन्सं, सांगा ना. घाई आहे."

"अगं, खाट नाही ती. सोय आहे. हे बघ, सातचा पेशंट नऊवर न्यायचाय आणि नऊचा सातवर. तुमचं सॉफ्टवेअर म्हणतं खाट भरलेली आहे, दुसरा माणूस ठेवता येणार नाही. मग एकाला तेवढा वेळ ठेवायचा कुठे? माझ्या डोक्यावर? म्हणून नव्व्याण्णव. एकाला तिथे टाकायचा, दुसरा हलवायचा, मग याला उचलून त्याच्या जागी. अर्ध्या मिनिटाचं काम. सहा वर्षं चाललंय."

"मी इथे चार दिवस बसले होते. मला एकदाही दिसलं नाही."

"तुझ्यासमोर कशी करीन? रात्री जेवताना भावाला सांगितलं असतंस, तुझी ताई नियम मोडते म्हणून." मोठ्या सिस्टर हसल्या. "चार दिवस हाल झाले माझे. पेशंट घरी जाईपर्यंत थांबायचं आणि मग खाट बदलायची."

सेकंदबाई हसली नाही. नव्व्याण्णव नकाशावर नव्हती. नकाशावर नव्हती म्हणून तिच्या यादीत नव्हती, आणि यादीत नाही म्हणजे तिथे कोण आलं, कोण गेलं, काय बदललं, यंत्र काही बघत नव्हतं. तिथे पहिली जी प्रत पडली असेल ती कुणी फेकलीच नसणार.

"आत्ता आहे का कुणी तिथे?"

मोठ्या सिस्टरांनी हनुवटीने खिडकीकडे दाखवलं. "ड्रायव्हरकाका. त्या जादा खाटेला नंबरच नाही ना. म्हणून शनिवारपासून नव्व्याण्णववर टाकलेत."

सेकंदबाईने जाऊन पडद्यावर बोट ठेवलं. दीड सेकंद. वर ड्रायव्हरकाकांचं नाव, ताजं. खाली औषधांची यादी, गेल्या बुधवारी अर्ध्या मिनिटासाठी नव्व्याण्णववर थांबलेल्या कुणा बाईंची. हाडांच्याच वॉर्डातल्या, त्यामुळे बाकी सगळं सारखंच होतं: दुखण्याची गोळी, पित्ताची गोळी, रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन. कुणाच्या डोळ्याला खटकण्यासारखं काही नाही. फक्त पांढरी गोळी नव्हती.

मोठ्या सिस्टर तिच्या खांद्यावरून वाचत होत्या. त्यांनी खाटेशेजारचा खण उघडला. औषधखान्यातून आलेली पट्टी तिथे जशीच्या तशी होती. एकही खळगा फुटलेला नव्हता.

"रविवार सकाळ," त्या पुटपुटल्या. "संध्याकाळ. काल सकाळ, काल संध्याकाळ. आज सकाळ. पाच."

"काय मोजताय सिस्टर?" ड्रायव्हरकाकांनी विचारलं. माणूस खुशीत होता. "ती गोळी ना? ती बंद झाली. रविवारी मी म्हटलं पोरीला, माझी पांढरी गोळी राहिली. तिने बघितलं, म्हणाली काका, यादीत नाही, डॉक्टरांनी बंद केली असेल. मी लगेच घरी फोन करून सांगितलं. बंद केली म्हणजे सुधारलो की नाही? एकोणीस दिवस राहिले बाई. मग एकदा बसा माझ्या गाडीत. ब्रेक मारला तरी हातातला चहा हलणार नाही."

त्याने हे पडद्यावर विश्वास ठेवून सांगितलं होतं, पोरीनेही ठेवला होता, आणि पडदा सेकंदबाईचा होता.

मोठ्या सिस्टरांनी डॉक्टरांना फोन लावला. आवाज नेहमीसारखाच, फक्त वाक्यं तोडकी. गोळी लगेच द्या, मी निघालोच, अर्ध्या तासात पोचतो, असं डॉक्टर म्हणाले. मोठ्या सिस्टरांनी गोळी काढून काकांच्या तळहातावर ठेवली आणि पाणी ओतायला वळल्या.

"म्हणजे बंद नव्हती?" काकांनी गोळीकडे बघत विचारलं. आणि मान जरा डावीकडे वळली, जणू खिडकीबाहेर कुणी हाक मारली. तळहात मिटला. मग सगळं अंग ताठ झालं आणि खाट खडखडायला लागली.

मोठ्या सिस्टरांनी ग्लास टाकला, काकांना कुशीवर वळवलं, मोडलेला पाय एका हाताने धरून ठेवला. "उशी काढ. डोकं धर, दाबू नकोस. हां." सेकंदबाईने धरलं. तिच्या दुसऱ्या हातातलं घड्याळ कधी सुरू झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. हाताला सवय लागली होती. सत्तर सेकंद. आजवर मोजलेल्या कुठल्याच सेकंदांना एवढी लांबी नव्हती.

मग खाट थांबली. घोरल्यासारखा श्वास, मग साधा श्वास. पाच-सात मिनिटांनी काकांनी डोळे उघडले, छताकडे पाहिलं, ओल्या उशीकडे पाहिलं, आणि दोघींच्या तोंडाकडे पाहून सगळं ओळखलं.

"आला?"

"आला काका."

"लिहिलंत?"

मोठ्या सिस्टरांनी त्यांचं तोंड पुसलं.

"सिस्टर, लिहू नका. तुमच्या पाया पडतो. कुणी बघितलंय? तुम्ही दोघीच ना?"

शेजारच्या खाटेवर एक शिंपी होता, खांदा निखळलेला. त्याने पेपर अगदी नाकाजवळ नेला. "मी अग्रलेख वाचत होतो. मला काहीच दिसलं नाही."

आता जरा थांबून हा व्यवहार बघा, कारण असा सौदा सहसा जमून येत नाही. झटका लिहिला नाही तर ड्रायव्हरचं वर्ष वाचत होतं. चौकशी नाही, म्हणजे नव्व्याण्णव नंबरची सोय कुणाला कळत नव्हती आणि मोठ्या सिस्टरांचं सर्व्हिस बुक आठ महिने कोरंच राहत होतं. सेकंदबाईला बारा वाजता सही. टक्केसाहेबांचे शहाण्णव अबाधित. शिंपी बिचारा फुकटात पुण्यवान. ज्याचं नुकसान झालं तोच हात जोडून म्हणत होता, मिटवा. खोलीतल्या एकाही माणसाला तोटा नव्हता.

सेकंदबाईच्या मनात हे सगळं कितव्या सेकंदाला येऊन गेलं, ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. तिने नणंदेकडे पाहिलं. नणंद काही बोलली असती, नुसती मान हलवली असती, तरी सेकंदबाई तिच्या मागे गेली असती; दोन्ही दिशांना.

मोठ्या सिस्टर उठल्या आणि संगणकापाशी गेल्या. पडद्यावर बोट ठेवायच्या आधी थांबल्या.

"मी आत्ता लिहिलं तर कुठे जाईल ते? त्यांच्या नावावर, की त्या बुधवारच्या बाईंच्या?"

"माहीत नाही," सेकंदबाई म्हणाली. हे तिच्या तोंडून फार बारीक आवाजात आलं.

"मग बंद कर तुझी ती प्रत."

"एकट्या नव्व्याण्णवची करू? दहा मिनिटं लागतील, पण..."

"शेजारच्या वॉर्डात शून्य नंबर वापरतात. वरच्या मजल्यावर शंभर. बाळंतिणींकडे काय वापरतात मला ठाऊक नाही."

म्हणजे किती ठिकाणी किती शिळ्या याद्या खोट्या खाटांवर पडल्या होत्या, कुणालाच ठाऊक नव्हतं. बंद करायचं तर अख्ख्या हॉस्पिटलचं. घड्याळात दहा चाळीस. समिती वरच्या मजल्यावर पोचली असणार, टक्केसाहेब पडद्यासमोर उभे असणार, बोट उचललेलं.

सेकंदबाईने नर्सेसच्या संगणकावर स्वतःचा पासवर्ड टाकला. एकदा चुकला. दुसऱ्यांदा बरोबर लागला. तिने बंदच्या खुणेवर बोट ठेवलं, आणि वरच्या, खालच्या, शेजारच्या, सगळ्या पडद्यांवर जुनं चाक पुन्हा फिरायला लागलं.

तिचा फोन वाजला. टक्केसाहेब. वाजू दिला.

मोठ्या सिस्टरांनी काकांचं पान उघडलं. अडतीस सेकंद.

"सिस्टर, अकरा महिने छत्र्या मोजल्यात मी," काका मागून बोलत होते. जीभ अजून जड होती. "लोक येतात, म्हणतात काळी छत्री. चाळीस काळ्या छत्र्या आहेत. मी चूक केली का? एक गोळी चुकवली नाही वर्षभर. तुम्ही चुकवल्यात."

"हो काका. आम्ही चुकवल्या."

"मग मी तक्रार करत नाही. लिहून देतो. गोळ्या दिल्या होत्या म्हणतो. सगळं विसरतो. तुम्ही एवढंच विसरा."

चाक फिरत होतं. अर्ध्यावर आलं होतं, की नव्हतं. चाकाला अर्ध कुठलं? सेकंदबाईचा फोन थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. अजून वेळ आहे, तिला वाटत होतं, पान उघडायच्या आत कुणीही काहीही म्हणू शकतं. आपणसुद्धा.

"काका, तुमच्या गाडीत माणसं किती बसतात?" मोठ्या सिस्टरांनी मागे न बघता विचारलं.

"बेचाळीस."

"आणि उभी?"

शिंप्याने पेपर खाली केला.

पान उघडलं. पांढरी गोळी यादीत सगळ्यात वर होती. मोठ्या सिस्टरांनी वेळ विचारली, सेकंदबाईने घड्याळ बघून सांगितली. त्यांनी झटका लिहिला, सत्तर सेकंद लिहिले, पाच राहिलेल्या मात्रा एकेक करून लिहिल्या, आणि रुग्णाची जागा म्हणून "वाटेवरची जादा खाट, नोंद चुकीच्या क्रमांकावर" असं लिहून खाली स्वतःचं नाव टाकलं. काकांनी तोंड भिंतीकडे वळवलं. गोळी अजून त्यांच्या मुठीत होती, घामाने विरघळत. डॉक्टर आले तेव्हा दुसरी द्यावी लागली.

चौकशी आठ दिवस चालली. टक्केसाहेबांनी पहिल्याच दिवशी दोष नव्व्याण्णव नंबरच्या खाटेवर टाकून पाहिला. सॉफ्टवेअरच्या नियमाबाहेरचा वापर. सेकंदबाईने उभं राहून सांगितलं की यादी नकाशावरून घेणं ही तिची चूक, आणि यादीत नसलेली खाट दिसली तर यंत्राने प्रत दाखवायलाच नको होती. यासाठी धैर्य लागलं, ते मान्य करायला हवं. तिने लेखी अहवालही दिला, अकरा पानी, स्वच्छ. त्यात सातव्या पानावर एक वाक्य होतं: "मंगळवारी सकाळी दहा वाजता तपास सुरू केला." वाक्यात खोटं एक अक्षर नाही. सोमवारच्या पावणेपाचबद्दल कुणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

सांगितलं ते फक्त एकदा, जिन्यावर. नणंद चपला काढत होती. सेकंदबाई तिसऱ्या पायरीवर बसली आणि तक्ता, नऊ वेळा, पर्सची चेन, सगळं बोलून टाकलं. "तुम्ही त्या दिवशी चांगलं बोललात ना वन्सं, म्हणून विचारलं नाही," हेही. ते ऐकून नणंदेच्या हातातली चप्पल तशीच राहिली.

मग ती म्हणाली, "म्हणजे पाचातल्या तीन कुणालाच माहीत नव्हत्या. सोमवार संध्याकाळची आणि मंगळवार सकाळची, या दोन तुझ्या."

"हो."

"त्या दोन मिळाल्या असत्या तर आला नसता, असं कुणी सांगू शकतं का?"

"नाही. डॉक्टरांनाही नाही सांगता येणार."

"मग ते तुलाच बघायचंय," नणंद म्हणाली. आत गेली, दार लावलं. दुसऱ्या दिवशी जिन्यावर चाकाबद्दल काही विचारलं नाही, आणि त्यानंतरही कधी नाही. तोंड बंद झालं होतं.

तेव्हा आता बेरीज. टक्केसाहेबांचं काही गेलं नाही. समितीला त्यांनी पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं, सुधारलेलं यंत्र दाखवलं, ते एक पूर्णांक सात सेकंदांत पान उघडायचं आणि अनोळखी खाट दिसली की चाक फिरवत बसायचं. टक्के पंचाण्णव. मोठ्या सिस्टरांच्या सर्व्हिस बुकात चौतीस वर्षांनी एक ओळ आली, आणि निवृत्तीच्या दिवशी ते बुक त्यांच्या हातात देताना कारकुनाने ते नेमकं त्याच पानावर उघडलं. रविवारच्या त्या पोरीने स्वतःहून दुसऱ्या वॉर्डात बदली मागून घेतली. सेकंदबाईची सही तीन महिने लांबली, मग झाली. तक्ते नव्वद दिवसांनी यंत्र आपोआप पुसतं; सोमवारचा तक्ता पुसला गेला त्या दिवशी तिने रजा घेतली होती, कशासाठी ते नवऱ्यालाही कळलं नाही.

बसमधल्या बेचाळिसांनी काही दिलं नाही, कारण त्यांना काही माहीतच नव्हतं. बाकी सगळं बिल एकट्या माणसाच्या नावावर निघालं. हॉस्पिटलने ड्रायव्हरच्या खात्याला पत्र लिहिलं, चूक आमची, गोळ्या आम्ही चुकवल्या, असं स्पष्ट लिहिलं. खात्याचं उत्तर दोन ओळींचं आलं: झटका कशामुळे आला याचा नियमात उल्लेख नाही. तीनशे पासष्ट दिवस, त्या मंगळवारपासून मोजून.